अर्ध्यावर अडकलेला काटा

"काट्याचा पार्ट मिळत नाही म्हणे!" गाडीचं मागचं सीट उपटून बाहेर आपटत मुलगा ओरडला. "गॅरेजवाला हसला मला. म्हणाला, टाकीतला तरंगता गोळा काढून साफ करा, काटा चालतो. जन्मभर ड्रायव्हरकी केलीत, एवढं ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

म्हाताऱ्याला चांगलं ठाऊक होतं. आयुष्यभर साहेबलोकांच्या गाड्या हाकल्यावर त्याने ही जुनीपानी गाडी घेतली, ती पहिली स्वतःची. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकला तेव्हा तो मनातून खूशच झाला आणि पार्ट मिळत नाही असं घरात सांगून मोकळा झाला. टाकीत किती उरलंय ते त्याच्या एकट्याच्या डोक्यात. मग गाडीला दुसरं कोण हात लावणार? काल मात्र तो घरी नव्हता, नात तापाने फणफणली आणि मुलाने नाइलाजाने गाडी काढली. ती आडरस्त्यावर कोरडी पडली. सून पोरीला पदराखाली घेऊन भर उन्हात चालली.

"आता तरी दुरुस्त करणार का?"

"पाना दे," म्हातारा म्हणाला.

सीटखालचं झाकण उघडून त्याने दांड्यासकट गोळा बाहेर काढला, गंजलेला सांधा घासला, तारा पुन्हा जोडल्या. मुलगा पुढे काट्यासमोर बसला.

"गोळा उचलतोय. काटा हलला?"

"हलला."

"पार वर गेला?"

"गेला! ओरडताय कशाला?"

दांडा जरासा वाकवला असता, तर काटा पुन्हा थापा मारायला लागला असता. म्हाताऱ्याला मोह झाला, चांगलाच झाला. पण घराच्या खिडकीत सून उभी होती, पोर खांद्यावर टाकून. कालपासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. त्याने सगळं होतं तसं टाकीत सोडलं, स्क्रू आवळले आणि मागचं सीट जागेवर बसवलं.

"आता बरोबर दाखवेल. कुणीही चालवा."

"किल्ली."

त्याने दिली. मुलाने आधी पुढचं सीट आपल्या लांब पायांसाठी मागे सरकवलं. पोरीला पुन्हा डॉक्टरांना दाखवायचं होतं. सून तिला घेऊन मागे बसली. म्हातारा वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला.

"तुम्ही कुठे निघालात?" मुलगा म्हणाला. "काही गरज नाही. घरी बसा."

सुनेने मान वळवली नाही. तिच्या बाजूचं दार नीट लागलं नव्हतं. म्हाताऱ्याने परत येऊन ते उघडलं, तिचा पदर आत सारला, दार घट्ट लावलं आणि गाडीला वाट करून दिली.