बिलावरचं मनोरंजन

मी एक बटणांचा फोन आहे. आम्हा फोनांचं काम म्हणजे इकडचं बोलणं तिकडे पोचवणं. आम्हाला स्वतःचं काही सांगायचं असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. पण माझ्याच बटणांवरून एका घराचं फार मोठं नुकसान झालंय आणि ते मी पोटात ठेवून ठेवून दमलो. आज सांगून टाकतो.

मला यवतमाळच्या बाजारात भीमराजने विकत घेतलं. त्याचा पहिला प्रश्न, "पडला तं फुटनार नाई ना?" दुकानदाराने उत्तर द्यायच्या ऐवजी मला सरळ फरशीवर आपटून दाखवलं. अशी माझी आणि मालकाची ओळख झाली! भीमराज बाभुळगावकडचा लाईनमन. अकरा गावं त्याच्याकडे. पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, मोटारीच्या खोलीच्या दारावर, पानठेल्यावर, जिथे तिथे कोळशानं त्याचा नंबर लिहिलेला. माझ्यात घातलेलं सिम ऑफिसचं होतं. ठरलेलं बिल ऑफिस भरायचं, त्याच्यावर जे होईल ते भीमराजच्या पगारातून कापलं जायचं.

लाईट गेली की मी वाजायला लागायचो. आणि माणसाची खोड अशी, की फोन उचलला नाही तर लगेच पुन्हा लावायचा. एका मिनिटात सात सात वेळा. अरे राजा हो, तो खांबावर आहे, त्याला हात दोनच! एकदा वर असतानाच त्याने मला खिशातून काढायला हात सोडला आणि पाय घसरला. कमरेचा पट्टा होता म्हणून निभावलं. घरी येऊन त्याने ते हसत हसत सांगितलं. बायको नलू हसली नाही. बारावीतली मुलगी अर्पिता तर जेवणावरून उठून गेली.

त्या रविवारी बाप झोपलेला पाहून अर्पिताने मला उचललं आणि मागच्या शेवग्याखाली नेलं. तिने कंपनीची एक सेवा शोधून काढली होती. आपण आपल्या आवाजात बोलायचं आणि फोन लावणाऱ्याला रिंगच्या जागी तेच ऐकू येणार. तीन वेळा तिला हसू आलं. चौथ्यांदा ती शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायला लागली, "नमस्कार. माझे बाबा आत्ता खांबावर आहेत. कृपया पुन्हा पुन्हा फोन करू नका. उतरले की तेच करतील." आणि मग शुद्धबिद्ध सगळं सुटलं, "थांबा ना जी जरासक!"

इथे एक गोष्ट तुम्हाला नीट सांगायला हवी. ही ट्यून फक्त फोन लावणाऱ्याला ऐकू येते. ज्याचा फोन आहे, त्याला नाही. माझ्यातून तो आवाज एकदा गेला तेवढाच, पुढे मीही फक्त ट्रिंग ट्रिंग करणार. अर्पिताने बापाला एवढंच सांगितलं, "बाबा, तुमच्या फोनले एक गंमत लावली. काय ते मी नाई सांगत. लोकच सांगतीन तुमाले." पहिला महिना ती सेवा फुकट होती. फोन लावणारे ऐकून हसत, पण बापाला ठाऊकच असेल असं समजून कोणी काही बोललं नाही.

नवव्या दिवशी तिला ताप आला. गावातल्या गोळ्यांनी उतरला नाही म्हणून यवतमाळला नेली, आणि चौथ्या दिवशी ती गेली. बारावीच्या पुस्तकांना कव्हरंसुद्धा घालायची राहिली होती. मी त्या चार दिवसांत भीमराजच्या खिशात होतो. त्याचं काळीज कसं धडधडत होतं ते मला अंगाला लागून कळत होतं. मी काही करू शकलो नाही.

पंधरा दिवसांनी तो कामावर गेला. लोक पुन्हा फोन करू लागले आणि पलीकडे तिचा आवाज ऐकून गप्प व्हायला लागले. तांड्यावरचा फुलसिंग, ज्याच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाला की शिव्यांशिवाय ज्याचं वाक्य सुरू होत नसे, तो हळूच म्हणायचा, "भाऊ, सवड झाली की येजो. घाई नाई." पोरीने लावलेली गंमत भीमराज विसरूनच गेला होता; त्याला वाटायचं, आपल्या दुःखामुळे लोक जपून बोलतात. आता बापाला कोण सांगणार, की तुमची गेलेली पोरगी तुमच्या फोनवर बोलते? ज्याला त्याला वाटलं, माणसाने मुद्दाम ठेवलं असेल. सगळे चांगले वागले आणि कोणीच सांगितलं नाही.

नलू अंगणवाडीत मदतनीस. एका दुपारी मुलांना खिचडी वाढून झाल्यावर तिने सहज नवऱ्याला फोन लावला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. हे मला नंतर कळलं, ती आपल्या बहिणीला सांगत होती आणि मी बाजेवर पडलेलो होतो.

"त्याईले सांगू नोको वं," नलू म्हणत होती. "आयकलं तं खांबावर हात कापतीन त्याईचे. पोरगी तं गेली. आता मानूस मले घालवाचा नाई."

"मंग तू?"

"मी आयकतो. रोज आयकतो."

नवऱ्याला तिने वेगळंच सांगितलं. "मी बारा वाजता फोन करत जाईन. उचलाचा नाई. रिंग पूर्न वाजू द्याची. वाजला म्हंजे तुमी बरे हा, असं मी समजतो." लाईनमनच्या बायकोची काळजी, म्हणून त्यालाही ते पटलं. आमच्याकडे मिस कॉलवर निम्मा संसार चालतो, त्यात नवल काय! तेव्हापासून रोज बाराच्या ठोक्याला मी वाजायचो आणि भीमराज मला खिशावरून थापटायचा. चौदा महिने. तिकडे आई लेकीचं बोलणं ऐकतेय, इकडे बापाच्या छातीवर मी वाजतोय, आणि त्याला पत्ता नाही. मला वाजण्यापलीकडे काही येत नाही हो. येत असतं तर मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं.

मग आमच्या ऑफिसात शामबाबू बदलून आले. मनाने वाईट नव्हते, पण कागद चाळायची आणि मोठ्याने वाचायची सवय. रोज सकाळी हजेरीला सगळे लाईनमन समोर उभे, त्यामुळे भीमराजला फोन लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशी ते फोनची बिलं पाहत होते.

"भीमराज, तुमच्या नंबरले दर महिन्याले एकोनपन्नास रुपये जादा काहून लागून राह्यले?"

"मालूम नाई साहेब. पगारातून कटते, मी पाह्यतच नाई."

"इथं लिहिलं हाय ना. मनोरंजन सेवा." शामबाबूंनी चष्मा वर केला. "काय भाऊ, कायचं मनोरंजन चालू हाय? आमाले बी सांगा!"

दोघेतिघे हसले. भीमराज हसला नाही.

"साहेब, माह्या घरात कायचं मनोरंजन?" तो म्हणाला. "माही पोरगी जाऊन वरीस झालं. टीव्ही लागत नाई माह्या घरात. आन मी मनोरंजन करतो?"

शामबाबूंचा चेहरा उतरला. ते खुर्चीवरून उठून आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मले मालूम नव्हतं भाऊ, माफ करा. हे कंपन्यायचं असंच असते. चुकून बटन दाबल्या जाते आन गाणे, जोक, क्रिकेट, काही बी चालू होते. आना इकडे, आत्ताच बंद करून टाकू."

भीमराजने मला त्यांच्या हातात दिलं. शामबाबूंनी माझ्याच बटणांवरून चार अक्षरांचा मेसेज पाठवला. उलट मेसेज आला, इंग्रजीत, चार ओळींचा. त्यात सगळं लिहिलेलं होतं, की तुमच्या आवाजातली ट्यून कायमची जाईल. शामबाबूंनी शेवटची ओळ तेवढी पाहिली. "एक दाबा म्हंते. दाबा."

भीमराजने मला परत घेतलं आणि रागाने एक दाबला. एवढा जोरात, की माझं बटण क्षणभर आतच राहिलं. मी जुना फोन आहे, दहादा हँग होतो, बॅटरी सैल आहे, रेंज जाते. त्या एका वेळी मला काहीसुद्धा झालं नाही. मेसेज गेला. हे माझं मला माफ होत नाही.

त्याच दिवशी भीमराज एका डीपीपाशी खाली बसून तार सोलत होता. बारा वाजले, मी वाजलो. त्याने थापटलं. मी थांबलो आणि लगेच पुन्हा वाजलो. मग तिसऱ्यांदा. असं नलूने कधी केलं नव्हतं. त्याने मला कानाला लावलं.

"काय झालं वं?"

नलू म्हणाली, "अर्पी कुठं गेली?"

"नलू? काय बोलतं तू? कोनी हाय का तुह्यापाशी?"

"आत्ता कालपर्यंत बोलत होती! तुमच्या फोनवर बोलत होती ना! कुठं गेली ते सांगा मले!"

त्याला वाटलं, बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला. हत्यारं तिथेच टाकून तो गाडीवर अंगणवाडीत गेला. तिने सगळं सांगितलं, खिचडीच्या त्या दुपारपासून बाराच्या फोनपर्यंत, आणि का सांगितलं नाही तेही. तो पायरीवर बसून ऐकत होता. मग त्याने मला खिशातून काढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला फुटून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो यवतमाळला, कंपनीच्या दुकानात. काउंटरवरच्या बाईंनी बरंच शोधलं, दोनदा वरच्या ऑफिसला फोन लावला.

"काका, सेवा बंद झाली की रेकॉर्डिंग पुसल्या जाते. सेवा पुन्हा चालू करून देते मी, पण तो आवाज नाही येणार. यादीतलं गाणं निवडावं लागेल."

"मॅडम, मी दहा वर्साचे पैसे आत्ता भरतो," भीमराज हात जोडून म्हणाला. "त्याले मनोरंजनच लिहा तुमी. माहं काही म्हननं नाई. पन ते लावा."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या हातात काही नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला. मग नलूला म्हणाला, "अकरा गावानं आयकलं. तू आयकलं. मीच नाई आयकलं. काय म्हने ती?"

नलूने सांगायला सुरुवात केली. नमस्कार, माझे बाबा, इथपर्यंत आली आणि थांबली. "तिच्यासारखं नाई येत मले."

"येवो न येवो. म्हन."

तिने शेवटपर्यंत म्हटलं. जरासकपर्यंत. भीमराजने मान हलवली आणि म्हणाला, "आखीन एक डाव."

त्याला आता चार महिने झाले. मी अजून त्याच्याच खिशात आहे. माझं बिल आता ठरल्याएवढंच येतं, शामबाबू ते न वाचता पुढे सारतात. लोक पुन्हा मिनिटाला सात सात वेळा फोन करायला लागलेत. नलू बारा वाजता फोन करत नाही.

तुमच्या बिलावर कधी न समजणारा आकडा आला तर भांडा, जरूर भांडा, फसवणारे पुष्कळ आहेत. पण बंद करण्याआधी एवढं माझं ऐका. दुसऱ्या कोणाचा फोन घ्या, स्वतःचाच नंबर लावा आणि उचलू नका. तुमच्या माणसांना तुमच्या दारात काय ऐकू येतं, ते एकदा शेवटपर्यंत ऐका. भीमराजच्या हातात चौदा महिने होते, आणि त्याला हे सांगणारं कोणी नव्हतं.