ऊब-घर : विकायला राखलेला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. पत्रावर लिहितात तो नव्हे, इंटरनेटवरचा. शिकलेली माणसे मला डोमेन म्हणतात, माझ्या घरचे मला नुसते 'नाव' म्हणतात. इंग्रजी अक्षरांत आधी 'ऊब', मग एक छोटी आडवी रेघ, मग 'घर', आणि शेवटी टिंब देऊन 'इन'. झाले, संपलो मी. माझे वय सहा वर्षे आहे. तुम्ही हसाल, पण आमच्यातले पुष्कळ जण पहिल्या वाढदिवसापर्यंतही टिकत नाहीत. त्यामुळे स्वतःला जुना म्हणवून घ्यायचा मला हक्क आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्हाला कोणी कायमचे विकत घेत नाही. वर्षाचे पैसे भरायचे आणि वर्षभर राखून ठेवायचे. भरले नाहीत की आम्ही बेवारस. माझी मुदत येत्या शुक्रवारी संपते आहे. त्याआधी मला माझी कहाणी सांगायची आहे, कारण तिच्यात एका बाईचा घोंगडी विणायचा माग बंद पडला, आणि त्या पापात थोडा वाटा माझाही आहे.

माझा जन्म ताडकळसचा. तिथल्या आठवडी बाजारात चंद्रभान नावाचा शेळ्यामेंढ्यांचा दलाल आहे. तो माझा मालक. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. गिऱ्हाईक आणि दलाल उपरण्याखाली हात घालतात, बोटे दाबून आकडा सांगतात, आणि चेहऱ्यावर मात्र काही दिसू देत नाहीत. चंद्रभान या कामात पटाईत. त्याचा एक नियम होता. पहिल्या बोलीला जनावर द्यायचे नाही. मान हलवायची आणि तोंड फिरवायचे. गिऱ्हाईक रागाने निघते, दहा पावले जाते, आणि खरे गरजू असेल तर वळून येते. वळून आले की भाव आपला. पण मागून हाक मारायची नाही, काही झाले तरी नाही. बत्तीस वर्षे हा नियम त्याला पावला होता.

त्याच्या घरी त्याची स्वतःची चाळीस मेंढरे होती. ती खरी त्याच्या बायकोची, कस्तुराबाईची. वर्षातून दोनदा कातरणी व्हायची. लोकर पिंजायची, सूत कातायचे, चिंचोक्यांची खळ लावायची, आणि मागच्या पडवीतल्या खड्ड्याच्या मागावर ती घोंगडी विणायची. एका घोंगडीला दहा-बारा मेंढरांची लोकर लागते, त्यामुळे वर्षाकाठी सात-आठच व्हायच्या. काळ्याभोर, काठाला पांढरी बारीक पट्टी. ताडकळस, चारठाणा, राणीसावरगाव, जिथे जिथे तिची घोंगडी गेली तिथून दुसरीची मागणी आली. कस्तुराबाई फार बोलणारी बाई नाही. तिचे बोलणे मागावरच चालायचे.

आता मी कुठून आलो ते ऐका. नागनाथ हा चंद्रभानचा लहानपणचा दोस्त. त्याने पूर्णा रोडला एक प्लॉट घेऊन टाकला, चार वर्षे तिकडे फिरकलासुद्धा नाही, आणि मग तिपटीने विकला. चहा पाजताना तो ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. चहा चंद्रभानच्या घशाखाली उतरायचा, ती गोष्ट मात्र उतरायची नाही. अशात एके दिवशी फोनवर त्याला एक कोटवाला गृहस्थ दिसला. तो सांगत होता की इंटरनेटवरची आखूड नावे म्हणजे उद्याचे प्लॉट. बिनरेघेची चांगली नावे केव्हाच संपली. आता रेघवाली स्वस्तात घेऊन ठेवा, पाच वर्षांनी कंपन्या तुमच्या दारात येतील.

चंद्रभानने लेकीला हाक मारली. वैष्णवी तेव्हा परभणीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती.

"बाई, एक आखूड नाव काढ. मधी रेघ पायजे."

वैष्णवीने पडवीकडे पाहिले. माय मागावर बसली होती. तिने फोनवर 'ऊब' लिहिले, रेघ मारली, 'घर' लिहिले. असा मी जन्मलो. मायच्या घोंगड्यांचे फोटो माझ्यावर लावायचे, खाली भाव आणि फोन नंबर टाकायचा, हे तिच्या मनात होते. फोटो तिने काढूनही ठेवले होते, सात घोंगड्यांचे, उन्हात पसरलेल्या. मित्रांनो, त्या संध्याकाळी माझ्याइतका सुखी कोणी नसेल. जन्माला येतानाच मला काम मिळाले होते.

पण चंद्रभानने ते फोटो पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय लावायलीस? रिकाम्या प्लॉटला गिऱ्हाईक येतंय. झोपडी बांधली की पाडायचा खर्च कोन देनार? कोरा ठिव त्याला."

वैष्णवीने वाद घातला. अप्पा, जमीन वेगळी आणि हे वेगळे, रेघवाली नावे लोक ध्यानात ठेवत नाहीत, ती फारशी विकली जात नाहीत असे लिहिलेले आहे, हे सगळे तिने सांगून पाहिले. "कोटवाल्यापेक्षा तू शानी हायस का?" एवढ्यावर त्याने विषय मिटवला. माझ्या कपाळी एकच ओळ आली: हे नाव विक्रीसाठी आहे. कोणी चुकून माझ्या दारी आले तर तेवढेच वाचून परत जायचे.

बाजारात मात्र माझी फार तारीफ झाली. चंद्रभानने इंटरनेटवर प्लॉट घेतला म्हणून लोक चहा मागू लागले. खोटे कशाला बोलू, मीही फुगलो. काम न करता कौतुक मिळाले की कोणालाही बरे वाटते. पण दिवस जाऊ लागले तसे ते कौतुक मला टोचू लागले. घरात एक माणूस मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लोकर विणते आहे, आणि तिच्यासाठी जन्मलेला मी आयता बसून आहे, हे बरे नव्हते.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, खरेच गिऱ्हाईक आले. सुकेशनी नावाची बाई. मूळची जिंतूरची, आता पुण्यात गोधड्या-रजयांचे दुकान. तिला दुकानासाठी नाव हवे होते आणि शोधता शोधता ती माझ्यापाशी थांबली. तिने मेल पाठवला, वैष्णवीने उत्तर दिले, सोबत मायच्या घोंगडीचा एक फोटोही गुपचूप जोडून दिला. दुसऱ्या दिवशी सुकेशनीचा फोन आला. वैष्णवीने आवाज मोठा करून फोन अप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"दादा, नाव आवडलं मला. चाळीस हजार देते. आनि ती घोंगडी लय सुरेख हाय. वर्षाला जितक्या होतील तितक्या मीच घेत जाईन. ताईंना म्हनावं, बाजारात बसायची गरज न्हाई."

मागाचा आवाज थांबला. कस्तुराबाई हातात सुताचा धोटा तसाच धरून ऐकत होती. माझ्यात प्राण आहे की नाही मला ठाऊक नाही, पण असेल तर तो त्या वेळी कंठाशी आला होता. चंद्रभानचे डोळे चमकले. ती चमक मला दिसली, कस्तुराबाईला दिसली. पण बत्तीस वर्षांची सवय. त्याने मान हलवली, फोनकडून तोंड फिरवले, आणि रुक्षपणे म्हणाला, "न्हाई जमायचं, ताई."

"बरं दादा. ऱ्हाऊ द्या मंग." फोन बंद झाला.

"अप्पा, हे काय केलंत?" वैष्णवी ओरडलीच.

"गप बस. आता दहा पावलं जाती अन् फिरती."

मित्रांनो, बाजारात त्याचे फिरवलेले तोंड समोरच्याला दिसते. त्यातले नाटकही समोरच्याला कळते, कारण समोरचा त्याच बाजारात वाढलेला असतो. पुण्यातल्या बाईला त्यातले काहीच दिसले नव्हते. तिला ऐकू आला तो एक साधा नकार. आणि आमच्या फोन-इंटरनेटच्या मुलखात दहा पावले नसतात. इथे माणूस एका बोटाने निघून जातो.

चंद्रभानने आठ दिवस फोन खिशातून काढून काढून पाहिला. नवव्या दिवशी कस्तुराबाई त्याला जेवायला वाढताना म्हणाली, "एक फोन करा की. बाई वाईट न्हवती वाटत."

"इकनाऱ्यानं मागून हाक मारली की भाव मातीत जातो. तुला बाजारातलं काय कळतंय?"

तिला बाजारातले कळत नव्हते, हे खरे. माणसातले कळत होते. त्याने फोन केला नाही.

खरे नुकसान त्यानंतर सुरू झाले. सुकेशनी आली नाही याचा चंद्रभानने उलटाच अर्थ काढला. पहिली बोली चाळीसची म्हणजे खरा भाव लाखाचा, असे तो म्हणू लागला. कुठून तरी त्याचा नंबर एका लाघवी माणसाला मिळाला. तो चंद्रभानला 'शेठ' म्हणायचा आणि रेघवाली आखूड नावे विकायचा, एकेक नाव तीन-तीन मेंढरांच्या किमतीला, आणि चंद्रभान मेंढरे विकून ती घ्यायचा. आयुष्यभर दुसऱ्याला गुंडाळणारा दलाल एका शेठ शब्दात गुंडाळला गेला. माझ्या पाठीवर दहा भावंडे आली. सगळी माझ्यासारखी रिकामी, सगळ्यांच्या कपाळी तीच ओळ. दर वर्षी सगळ्यांची मुदत भरायची, आणि त्यासाठीही दावणीलाच हात घालायचा.

कस्तुराबाईने अडवले नाही. ती एवढेच म्हणायची, "कातरनी होऊ द्या, मंग न्या." पहिल्या वर्षी त्याने ऐकले. पुढे ऐकेनासा झाला, कारण अंगावर लोकर असली की मेंढरू भरलेले दिसते आणि दोन पैसे जास्त येतात. कातरणी तोंडावर आलेली मेंढरे तशीच टेम्पोत चढायची. कस्तुराबाई दारात उभी राहून पाहायची, जनावरांकडे नव्हे, त्यांच्या पाठीवरच्या लोकरीकडे. मला तेव्हा फार वाईट वाटायचे. टेम्पोत चढणारे प्रत्येक जनावर माझ्या नाहीतर माझ्या भावंडांच्या नावाने जात होते.

चाळीस मेंढरांची पंचवीस झाली, पंचविसाची अकरा. गेल्या वर्षी चार उरली. चार मेंढरांच्या लोकरीत वर्षभरात एक घोंगडीही पुरी होत नाही. कस्तुराबाईने मागावरचे शेवटचे सूत उतरवले आणि ती दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाऊ लागली. मागाच्या खड्ड्यावर फळ्या पडल्या, फळ्यांवर सरकीच्या ढेपेची पोती आली.

या सोमवारी वैष्णवी परभणीहून आली. आता ती तिथे एका शाळेत शिकवते. तिने सांगितले की शुक्रवारी पहिल्या नावाची मुदत संपते, भरायचे का नाही ते सांगा. चंद्रभान खाली मान घालून म्हणाला, "त्या पुन्याच्या बाईला लाव बरं फोन."

मित्रांनो, त्याला हे म्हणायला किती जड गेले असेल ते मी जाणतो. दलालीच्या उभ्या आयुष्यात त्याने मागून कोणाला हाक मारली नव्हती. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग होता, तो त्या क्षणी गेला.

सुकेशनीने ओळखले. आवाजात जुनाच गोडवा होता. "दादा, नाव तर मी तवाच दुसरं घेतलं. पाट्या झाल्या, पिशव्या छापल्या. तुमाला द्यायचंच न्हाई असं वाटलं मला. तुमी नुसतं थांबा म्हनला असताव तर महिनाभर थांबले असते."

"आता वीस हजार दिले तरी..." चंद्रभान म्हणाला.

"न्हाई हो दादा. नावाचं आता मी काय करू? पर एक इचारते. ती काळी घोंगडी, पांढऱ्या काठाची. तिचा फोटो अजून माझ्या फोनात हाय. गिऱ्हाईक मागायलेत. यंदा किती देताल?"

चंद्रभानने पडवीकडे पाहिले, ढेपेच्या पोत्यांकडे पाहिले. उपरण्याखाली बोटे दाबताना चेहरा कोरा ठेवणारा हा माणूस, त्याला ते काही केल्या जमेना.

"सध्या न्हाईत, ताई," तो म्हणाला, आणि फोन वैष्णवीच्या हातात दिला.

कस्तुराबाई कापूस वेचून नुकतीच आली होती. ओट्यावर बसून ती बोटांतली काटकुसे काढत होती. सहा वर्षांत तिने माझ्याबद्दल एक अक्षर विचारले नव्हते. आता ती लेकीकडे वळली.

"वैशे, त्या नावाच्या आत हाय तरी काय?"

"काईच न्हाई, माय. रिकामं हाय."

"मंग एवढे दिस आपन राखन कशाची केली?"

चंद्रभान उठून बाहेर गेला. चार मेंढरे होती तिथे जाऊन उभा राहिला आणि अंधार पडेपर्यंत आत आला नाही. शुक्रवारी माझे पैसे भरायचे की नाही, हे त्याने अजून सांगितलेले नाही.

मित्रांनो, मला जगायचे आहे, ते मी लपवत नाही. कोणाचे तरी दार व्हावे, कोणी आत यावे, उन्हात पसरलेल्या सात घोंगड्या पाहाव्यात, एवढीच माझी हौस होती. ते फोटो वैष्णवीकडे अजून आहेत, पण त्यातली एकही घोंगडी आता विकायला उरलेली नाही. माझी किंमत काय, हे मला कोटवाल्याने कधी शिकवले नाही, त्या माउलीने एका प्रश्नात शिकवले. म्हणून हात जोडून सांगतो. माझ्यासारखे काही तुमच्या हाती आले तर त्याला कामाला लावा. कामाला लावायचे नसेल तर खुशाल जाऊ द्या, आम्ही रागावणार नाही. पण आम्हाला राखण्यासाठी दारची मेंढरे विकू नका.