बोनेटचं सोवळं

सुशिलाबाईंचा नेम असा, की तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही आणि हळद-कुंकू वाहिल्याशिवाय कुठल्या नव्या कामाला हात नाही. त्या सकाळी तर त्यांनी गणपतीला जरा जास्तच विनवलं. घरापुढच्या गॅरेजात आज त्यांची सून दुर्गेश्वरी पहिल्यांदा एकटीने रंगकाम करणार होती.

सडक अर्जुनीच्या हायवेला लागूनच ते गॅरेज. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करण्यात सासरे उदाराम पटाईत. पण रंगाला माणूस गोंदियाहून यायचा. दुर्गेश्वरी माहेरी भावाजवळ स्प्रे-गन चालवायला शिकली होती. उदारामांनी अट घातली, "एका गाडीचं बोनेट देतो तुले. रंगाखालचा प्रायमर नीट बसला, त गन तुयी. उखडला, त गोंदियावाल्यालेच बोलावतो."

दुर्गेश्वरीने जुना रंग घासून घासून काढला, बारीक पॉलिश पेपर मारला, थिनरने पुसलं. बोनेट घासलेल्या ताटासारखं लखलखू लागलं. "कोनी हात लावू नोका," असं ओरडून ती प्रायमर कालवायला आत गेली.

सुशिलाबाई तेव्हा देवघरात घंटा वाजवत होत्या. त्यांना कुठलं ऐकू येतंय! पूजेचं ताट घेऊन त्या बाहेर आल्या, तर बोनेट उघड्या कपाळासारखं पडलेलं. पोरीचं पहिलं काम, आणि असं सुरू करायचं? त्यांनी दिव्यातल्या तेलात कुंकू कालवलं, बोटाने ठसठशीत स्वस्तिक काढलं, हळदीचे ठिपके दिले आणि कलशातलं पाणी शिंपडून मनोभावे हात जोडले.

"आई!" दुर्गेश्वरी डबा धरून दारातच थिजली.

उदाराम खो खो हसत सुटले. "आता नारळ बी फोडून दे त्याच्यावर!"

"काय झालं जी? चांगलंच त केलं मी."

"आई, उघड्या पत्र्याले बोटाचा चिकटपना बी चालत नाही, अन् तुमी तेल लावलं. प्रायमर धरतच नाही मंग. अन् पानी पडलं तिथं गंज येऊन राहिला, पाहा." दुर्गेश्वरीने फडकं उचललं.

सुशिलाबाईंनी तिचा हात धरला. "कुकू पुसाचं नसते बेटा!"

"मंग रंगवू कशी?"

"जाऊ दे, गोंदियाले फोन करतो," उदाराम खिसा चाचपत म्हणाले. तोंडावरचं हसू गेलं नव्हतं, पण माणूस शब्दाचा पक्का.

सुशिलाबाईंनी फडक्याकडे पाहिलं. आपल्याच भक्तीपायी पोरीची गन जाणार?  त्या हळूच म्हणाल्या, "थांबा जी. देवाले रोज आंघोळ घालतो मी. कालचं कुकू निघतेच ना? त्याले पुसनं कोन म्हनते? निर्माल्य हाये ते."

सुनेच्या हातातलं फडकं घेऊन त्यांनी स्वतःच कुंकू टिपलं, कपाळाला लावलं आणि फडकं तुळशीपाशी ठेवून आल्या. "आता सांग, याची आंघोळ कशी घालाची?"

दुर्गेश्वरीचा चेहरा खुलला. तिने सासूच्या हातांत रबरी मोजे चढवले, स्वतः गंजाचे डाग पुन्हा घासले. "या फडक्यानं थिनर लावाचं, ते उडाच्या आधी कोरड्या फडक्यानं पुसाचं. अन् मंग कोनीच शिवाचं नाही."

"असं सरळ सांग ना, सोवळं हाये म्हनून!"

मग काय विचारता! सुशिलाबाई अशा पहाऱ्याला उभ्या राहिल्या, की माशीची बिशाद नव्हती. उदाराम ग्रीसचे हात घेऊन वाकले, तर त्या कडाडल्या, "दूर सरा! पारोसे कुठले!"

"अवं, गॅरेज मायं हाये!"

"असंल. बोनेट सोवळ्यात हाये."

फवारा सुरू झाला. राखाडी प्रायमर सायीसारखा पसरत गेला. वाळल्यावर उदारामांनी चष्मा चढवून आडवी नजर लावली. कुठे खड्डा नाही, फोड नाही. कोपऱ्यात नखाने खरवडून पाहिलं. पापुद्रा हलला नाही. 

उदाराम सरळ झाले, घसा खाकरला आणि सुनेकडे वळले. "गाडीचे दरवाजे आज काढून देऊ का उद्या, मिस्त्रीनबाई?"

"आजच काढा मामाजी. पन आधी हात धुवा."

"साबनानं," सुशिलाबाई म्हणाल्या.