वेधातलं पाणी

चैत्री पौर्णिमेला ग्रहण आहे हे कळल्यापासून शेवंतीबाईंच्या डोळ्याला डोळा नव्हता. साल शहाऐंशी. त्या उन्हाळ्यात आभाळात आधीच शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, आलेलं, आणि ते काहीतरी घेतल्याशिवाय जात नाही असं जो तो सांगत होता. त्यात हे ग्रहण, तेही असं की चंद्र उगवणारच ग्रासलेला. आणि घरात सून सुगंधा सातव्या महिन्याची! कांजूरमार्गच्या त्या चाळीत पत्र्याखाली एरवीही जीव कासावीस व्हायचा. शेवंतीबाईंचा तर आता थाऱ्यावरच नव्हता.

चाळीतल्या बाकीच्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मंडळाचे उन्हाळी कार्यक्रम जोरात चालले होते. लंगडीचे सामने झाले, बायकांच्या पाककृती झाल्या, परीक्षकांची पोटं बिघडली. पौर्णिमेच्या संध्याकाळी मिठागराकडच्या मैदानात शाळेतले शरच्चंद्र सर दुर्बीण लावणार होते. 'लहानथोर सर्वांनी यावे' असं फळ्यावर लिहिलं होतं. ते वाचून सुगंधा सहज बोलून गेली, "आई, मी पण जाऊ का बघायला?"

शेवंतीबाईंनी तिला हाताला धरून घरात नेलं.

पौर्णिमेला सकाळी सातला त्यांनी सुनेला कपभर चहा आणि पेलाभर पाणी दिलं. मुलगा बाळा कारखान्यात गेला, तो रात्री उशिराच यायचा. मग त्यांनी खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. विळी, सुरी, कात्री, धारेचं जे जे होतं ते फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. आतल्या खोलीतल्या भरलेल्या हंड्यात तुळशीचं पान सोडलं आणि तिथंच पाट मांडला.

"हितं बस. हलू नको, झोपू नको, काय तोंडात घालू नको. ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा थेंब नाय."

"आई, आठ वाजतील संध्याकाळचे."

"एका दिवसानं कोण मरत नाय गो," शेवंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाहेरून कडी घातली.

ग्रहणाच्या वेधातसुद्धा गरोदर बाईला सूट असते, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण भ्यालेल्या माणसाला सूट घ्यायचीही भीती वाटते.

बाई दुष्ट मुळीच नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी गावी असताना त्यांच्याही पोटात पहिलं मूल होतं. ग्रहणाच्या दिवशी त्या विळीवर बसून बांगडे कापत होत्या. मूल झालं ते ओठ फाटलेलं. त्याला दूध ओढता येईना. चाळिसाव्या दिवशी ते गेलं, आणि सासूनं सगळ्या वाडीसमोर सांगितलं, "हिनंच कापलान त्याचा ओठ." पुढे बाळा धडधाकट झाला, सासू गेली, गाव सुटलं, पण ते वाक्य मुंबईपर्यंत बरोबर आलं. नातवाच्या बाबतीत त्या कणभरही चूक होऊ देणार नव्हत्या.

दुपारी पत्रे तापले. सुगंधानं दोनदा पाणी मागितलं. शेवंतीबाईंनी दाराबाहेर बसून दोन्ही वेळा नाही म्हटलं.

चारच्या सुमारास शेजारच्या सोनूबाई कामावरून आल्या. पालिकेच्या प्रसूतिगृहात त्या वीस वर्षं आया होत्या. दाराला कडी आणि उंबऱ्यात शेवंतीबाई, एवढं पाहून त्यांना काय ते कळलं.

"अगं, पोरीला कोंडलंस? या उकाड्यात? पाणी तरी दिलंस का?"

"ग्रहण सुटल्यावर देईन."

"हंड्यात तुळशीचं पान टाकलंस ना? मग ते पाणी चांगलंच की तुझ्या हिशेबानं. दे तिला."

शेवंतीबाई चिडल्या. "तुमच्यात पाळत नाय. तुला काय कळणार?"

"आमच्यातबी पाळत होते," सोनूबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या सासूनं मला असंच बसवलं होतं. पुढं धम्माची दीक्षा घेतली नि सगळं सोडलं. काय बिघडलं? पाच पोरं झाली. आणि ऐक, फाटक्या ओठाची पोरं मी पाहिलीत. त्यांच्या आयांना विचारलंय मी. कुणाच्या नऊ महिन्यांत ग्रहणच नव्हतं, कुणी आयुष्यात विळी धरली नव्हती. तसं होतं कधी कधी, पोटातच होतं. तुझ्याच तोंडून ऐकलंय मी सगळं, पण तू बांगडे कापलेस म्हणून नाही झालं ते."

शेवंतीबाईंनी मान फिरवली. सव्वीस वर्षांचा गुन्हा कुणी असा दोन वाक्यांत माफ केला की उलट राग येतो.

"मी माझ्या दारात बसते," सोनूबाई म्हणाल्या. "लागलं तर हाक मार."

पाचला आतून सुगंधा म्हणाली, "आई, गरगरतंय." सहाला ती काहीच म्हणाली नाही. आता कशी गुमान बसलीय, असं शेवंतीबाईंना वाटलं आणि त्यांना जरा बरंही वाटलं.

सातच्या सुमारास मैदानातला गलका एकदम थांबला. मिठागरांवर चंद्र उगवला होता. करपलेल्या भाकरीसारखा, एका कडेलाच काय तो उजेड. कुत्री ओरडू लागली. शेवंतीबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला आणि रामनाम सुरू केलं. तेवढ्यात आत काहीतरी धपकन पडलं.

"सुगंधा?"

त्यांनी दार ठोठावलं.

"सुगंधा, बोल गो!"

त्यांचा हात कडीवर गेला आणि तिथंच थिजला. दार उघडलं तर चंद्राची सावली आत जाईल. नाही उघडलं तर? सासूचा तो आवाज त्यांच्या कानात घुमत होता. हात हलेना. सोनूबाई धावत आल्या.

"काढ कडी, शेवंती! एक पोर गेलं तुझं. आता दोन जीव जातील!"

कडी निघाली. सुगंधा पाटाशेजारी आडवी पडली होती. ओठ सुकलेले, अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे उघडे. तिच्या हातापासून दोन वितींवर हंडा होता. काठोकाठ भरलेला. तिनं त्याला बोट लावलं नव्हतं. सासूनं नको म्हटलं होतं म्हणून.

खुर्चीवर बसवून दोघींनी तिला बाहेर काढलं. रिक्षा मैदानापलीकडे मिळायची, म्हणजे दुर्बिणीसमोरच्या रांगेतून, त्या चंद्राखालून जायचं. कुणी बाई ओरडली, "अगो, ग्रहणात पोटुशीला बाहेर?" शेवंतीबाई थांबल्या नाहीत. शरच्चंद्र सर दुर्बीण तशीच सोडून रिक्षा आणायला पळाले.

प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, पोटावर नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "फार मंद आहेत. पाणी कधी प्यायली होती शेवटचं?"

"सकाळी सातला."

"बारा तास! घरात पाणी नव्हतं का?"

टंचाईचे दिवस होते. हो म्हटलं असतं तर खपलं असतं. सोनूबाई शेजारी उभ्या होत्या, त्याही काही बोलल्या नसत्या.

"होतं," शेवंतीबाई म्हणाल्या. "भरलेला हंडा होता. मी पिऊ दिलं नाय."

त्या तिथंच लादीवर बसल्या. ग्रहण कधी सुटलं ते त्यांना कळलं नाही. दीड तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि ठोके सुधारल्याचं त्यांनी सांगितलं. "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते," असंही सांगितलं. शेवंतीबाईंनी सोनूबाईंचा हात धरला आणि त्या सव्वीस वर्षांचं एकदम रडल्या.

रविवारी मंडळाच्या कार्यक्रमांची सांगता होती. सुगंधा अजून प्रसूतिगृहातच होती, पण ती आणि पोटातलं मूल दोघंही सुखरूप होती. भाषणं संपल्यावर शेवंतीबाई उठल्या आणि त्यांनी सरांकडे माइक मागितला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या चार माणसांसमोर बोलत होत्या.

"माझ्या सुनेला चंद्रानं काय केलं नाय," त्या म्हणाल्या. "मी केलं. माझ्या सासूनं माझ्या डोक्यात जे भरलं, ते मी तिच्या डोक्यात भरलं. हितं कोण पोटुशी असेल तिनं ऐकावं. पुढच्या ग्रहणात पोटभर जेवा, पाणी प्या. कोणी कडी घातलीन तर मला हाक मारा. मी येऊन काढीन."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पण मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्याही घरात त्या दिवशी दारं बंद होती.

वाचकहो, अशी दारं आपल्याही घरात आहेत. पिढ्यान् पिढ्या आपण आपलीच भीती लेकीसुनांच्या पदरात घालतो आणि तिला माया म्हणतो. ग्रहणाची भीती वाटत असेल तर ती आपली आपण सोसावी, त्यासाठी पोटुशा पोरीला तहानलेलं ठेवू नये. तिला पाणी द्यावं, आणि तिच्या मनात असेल तर हात धरून तिला चंद्र दाखवायला न्यावं.