एक दिवस आधी

छापखान्यातल्या एका मशिनमनला फोटोंचा नाद उशिरा लागला, पण लागला तो असा की सुट्टीच्या दिवशी घरच्यांना त्याची फक्त पाठ दिसायची. 'सहज टिपलेलं' नावाच्या ऑनलाइन गटात तो दर रविवारी एक फोटो टाकायचा. गटात पाचशे माणसं, सगळी हौशी. कुणी मुंग्या टाकायचं, कुणी दारांच्या कड्या, कुणी झोपलेल्या आजोबांचे तळपाय. त्याचा दोस्त बाइंडरही गटात होता. तो छापखान्यातच पलीकडच्या टेबलावर पुस्तकं शिवायचा आणि दुपारचे डबे दोघं एकत्र उघडायचे.

मग गटात 'घुबड' नावाचं कुणीतरी आलं. चेहरा नाही, खरं नाव नाही. आल्या आल्या एका शनिवारी त्याने लाँड्रीच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरींचा फोटो टाकला. मशिनमन दुसऱ्या दिवशी तिथेच जाणार होता. योगायोग म्हणून त्याने सोडून दिलं. पुढच्या शनिवारी बंद थिएटरची तिकीट-खिडकी आली, त्याच्या पुढच्या शनिवारी ट्रकच्या वजनकाट्यावर झोपलेला कुत्रा. तिन्ही जागा त्याने हेरून ठेवलेल्या. आणि खोटं कशाला बोला, तिन्ही फोटो त्याने काढले असते त्याहून सरस होते.

मनात पाल चुकचुकली. त्याने फोनचा पासवर्ड बदलला. रस्त्याने चालताना दुकानांच्या काचांत मागे कोण येतंय ते बघू लागला. बायको इस्पितळात नर्स होती. ती म्हणाली, तुमच्या मागे फिरायला लोकांना दुसरे उद्योग नाहीत का. त्याला ते पटलं नाही. आपण कुठे जाणार हे कुणाला माहीत असतं, याचा विचार करता करता तो बाइंडरपाशी येऊन थांबला. डबा खाताना सगळं त्यालाच तर सांगायचो. त्यानेही नुकताच कॅमेरा घेतलेला. शिवाय हल्ली दर शनिवारी तो अर्ध्या दिवसाने निघायचा आणि विचारलं तर 'काम आहे' एवढंच सांगायचा. झालं, मशिनमनने सुतावरून स्वर्ग गाठला.

बाइंडरला त्याने काही विचारलं नाही. गटात लिहिलं: 'घुबड कोण ते मला कळलंय. माझ्याबरोबर बसून जेवतो आणि माझ्याच जागा चोरतो.' खाली बाइंडरचं नाव घातलं. संध्याकाळपर्यंत दोनशे जणांनी त्यावर तोंडसुख घेतलं. कुणी बाइंडरचे जुने फोटो उकरून तेही चोरीचेच असणार असं ठरवून टाकलं. बाइंडरने दोनच शब्द लिहिले, 'मी नाही', आणि गट सोडला. दुसऱ्या दिवसापासून तो कागदाच्या गोदामात एकटा जेवू लागला.

त्या आठवड्यात मशिनमन छापखान्यात कुणाशी अवाक्षर बोलला नाही. फक्त घरी जेवताना म्हणाला की या रविवारी अग्निशमन केंद्रात जाईन, तिथे उंच मनोऱ्यावरून पाण्याचे पाइप वाळत सोडतात. शनिवारी संध्याकाळी तो घरी पोहोचतो तोच घुबडाचा फोटो आला. मनोरा, आणि खाली लोंबणारे पाइप.

ही जागा त्याने फक्त घरात सांगितली होती. बायको सकाळपासून ड्युटीवर होती. घरात उरल्या सासूबाई. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि गेल्या वर्षापासून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्या खिडकीशी बसून चपलेची धूळ झटकत होत्या.

"आई, घुबड तुम्ही आहात?"

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ओळखू आलं नाही, याचंच मला नवल वाटत होतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"मला बरोबर न्या असं दोनदा म्हटलं होतं. तुम्ही पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत राहिलात. जेवताना जागा मात्र रोज सांगायचात. म्हटलं, आपण आदल्या दिवशी जाऊन यावं."

त्याने गटात काय लिहिलं होतं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. फोटोंखालची बारीक अक्षरं त्या वाचत नसत. त्याने फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून सगळं शेवटपर्यंत वाचलं आणि फोन परत देताना त्याच्याकडे पाहिलं नाही. घुबड आपण आहोत, असं त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या नावानिशी गटात लिहिलं. मशिनमनने खाली माफी मागितली. नऊ जणांनी ती वाचल्याची खूण केली.

सोमवारी तो डबा घेऊन गोदामात गेला. बाइंडर कागदाच्या गठ्ठ्यावर बसला होता. मशिनमनने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाइंडरचं जेवण संपेपर्यंत तो उभाच राहिला.

"शनिवारी मी वडिलांना व्यायामाला नेतो," बाइंडर म्हणाला. "त्यांचा हात उचलत नाही. तुला शंका आली होती ना, मग मला विचारायचंस. पाचशे लोकांना कशाला विचारलंस?"

गटात परत ये, एवढंच मशिनमन म्हणाला.

"नाही येणार," बाइंडरने डब्याचं झाकण लावलं. "पण त्या चादरींचा फोटो चांगला होता. तुझ्या सासूबाईंना सांग."

तो उठून आपल्या टेबलाशी गेला आणि सुईत दोरा ओवू लागला. मशिनमन डबा न उघडताच मशीनकडे परतला.