ताटातलं एकच वचन

नव्या वर्षाच्या सकाळी प्रत्येक घराने ताटातून बायबलच्या वचनाची एक चिठ्ठी उचलायची, उभं राहून मोठ्याने वाचायची आणि वर्षभर देवाचा शब्द म्हणून जपायची, ही यशवंतपूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची जुनी रीत. जे घर आलं नाही त्याची चिठ्ठी दुसऱ्या कुणी उचलून पोचती करायची. छापील चिठ्ठ्या कन्नडात मिळत, तमिळमध्ये मिळत, मराठीत मिळत नसत. म्हणून वीस वर्षं त्या तानूबाईच लिहीत आल्या होत्या.

सत्त्याण्णव सालासाठी लिहायला बसल्या तेव्हा मात्र हात पुढे सरकेना. मंडळी भक्तीला जमायची ती एका कन्नड चर्चमध्ये, रविवारचा एक तास मागून. तिथल्या कमिटीने सांगून ठेवलं होतं की एक तारखेला बारा घरं दिसली तर तास तुमचा, नाहीतर तो तमिळ मंडळीला. उरली होती आठ. बाकीची कुणी देवाघरी गेली, कुणी पुण्याला, आणि तानूबाईंचा रोशन बनशंकरीला, गिटार वाजणाऱ्या इंग्रजी चर्चमध्ये. फोनवर तो "बघू, आई," म्हणाला होता. हे 'बघू' तानूबाईंनीच त्याला लहानपणी खेळण्यांच्या दुकानापुढे शिकवलेलं, त्यामुळे अर्थ विचारावा लागला नाही.

पाळक नागनाथ तीन महिने एकाच वचनावर बोलत होते. टोळांनी खाऊन टाकलेली वर्षं देव भरून देणार, ओस पडलेली मंडळी पुन्हा उभी राहणार. तानूबाईंनी ते मनावर घेतलं. रोशनच्या नावाने तेच निघायला हवं होतं. देवावर त्यांचा भरवसा होता. ताटात हात घालणाऱ्यांवर नव्हता. त्यांनी साऱ्या चिठ्ठ्यांवर तेच वचन लिहिलं. चिठ्ठी मोठ्याने वाचायची असते, हे वीस वर्षं ऐकूनही त्या नेमक्या विसरल्या.

सकाळी आठच घरं आली. पहिली चिठ्ठी कावेरीची. नवरा जाऊन सहा महिने झालेले; वाचता वाचता तिचा आवाज भरून आला. दुसरीही तीच निघाली, तेव्हा मागून कुणी म्हणालं, ही खूण आहे, आणि 'आमेन' दणक्यात झालं. तिसरीला कुणी काही म्हणालं नाही. पाचवीपासून लोक चिठ्ठी न बघताच बोलत होते. शेवटी रेल्वेतून रिटायर झालेले विठोजी उठले. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

"तानूअक्का, तुम्ही देवाला दुसरं काही बोलूच दिलं नाही."

सगळे हसले. पाळकसुद्धा.

"दुसरं काही मला ऐकायचंच नव्हतं," तानूबाई म्हणाल्या.

हसू थांबलं. पाळकांनी आशीर्वाद दिला, जरा घाईनेच. दारात कमिटीचा माणूस चपला मोजून उभा होता. "सरी, अक्का," ठीक आहे, एवढंच तो हळू आवाजात कन्नडात म्हणाला आणि त्याने चर्चच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

तानूबाईंनी रोशनच्या नावाची चिठ्ठी उचलली आणि बनशंकरीची बस धरली.

रोशन नुकताच चर्चमधून आला होता. नवा शर्ट, चेहऱ्यावर तेज. त्यांची हजारावर माणसं जमली होती म्हणे, बाहेर मांडव घालावा लागला. त्याच्या बायकोने, सोनमने, फ्रिजवर लावलेलं गुळगुळीत रंगीत कार्ड दाखवलं. हिरवंगार शेत, वर इंग्रजी अक्षरं. नातीने अडखळत मराठी करून सांगितलं. टोळांनी खाल्लेली वर्षं.

"तुमच्याकडे कुठलं निघालं, आई?"

"हेच."

"बघ! देव दोन्हीकडे एकच बोलला." तो खरंच खुलला. "मग तासाचं काय झालं?"

"दिला त्यांनी दुसऱ्यांना."

रोशन म्हणाला, मग आता तू आमच्याकडेच येत जा, मी गाडी घेऊन येईन. प्रेमाने म्हणाला; त्यात खोट नव्हती.

"बघू," तानूबाई म्हणाल्या.

पिशवीतली चिठ्ठी त्यांनी काढली नाही. नातीने विचारलं, आजी, टोळ म्हणजे काय गं? त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि टोळ कसे येतात, किती येतात, ते सगळं मराठीत सांगितलं. तिला अर्धंमुर्धं कळलं.