गाडी कोण चालवत होतं

वाळूत शिरण्याआधी टायरची हवा निम्म्यावर आणायची. मग टायर खाली पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगते.

बर्फ पडला की श्रूजबरीतल्या शाळा दोन तास उशिरा भरतात.

पाडव्याची गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवावी.

मोटरहोमच्या न्हाणीत कोपर आपटल्याशिवाय डोक्यावर पाणी घेता येत नाही.

एक लाख चाळीस हजार लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. एकोणतिसाव्या सेकंदाला प्रल्हाद बोलतो.

*

“अरे प्रल्हाद, वहिनींनी जीप गाडली म्हणे!”

फोन स्पीकरवर होता. हेमचंद्र बोलत होता, अमेरिकेतल्या त्यांच्या जुन्या गावच्या, श्रूजबरीकडच्या मराठी मंडळाचा यंदाचा अध्यक्ष. टेबलाच्या पलीकडे शैलजा मेथी निवडत होती. मोटरहोममध्ये, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घरात, टेबल एकच, त्यामुळे कुणाचा फोन कुणापासून लपत नाही.

“तूच तो चॅनेल ग्रुपवर टाकला होतास ना, रुतलेल्या गाड्या काढणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा? काल सहज बघतोय, तर आपलीच माणसं! आम्ही दोघं पोट धरून हसलो यार. वहिनी आहेत का तिथे?”

“आहे मी, भावोजी.”

“अहो, रागावू नका हं! पण वाळवंटात स्टिअरिंग हातात घ्यायचं म्हणजे डेअरिंग आहे तुमची.”

“वाळूचा अंदाज यायला वेळ लागतो,” शैलजा म्हणाली आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं.

“बरं, प्रल्हाद, शनिवारी पाडव्याचा ऑनलाइन कार्यक्रम आहे. वीस मिनिटं तुझी. ‘निवृत्ती चाकांवर’ असं नाव दिलंय. क्लिप मी दाखवतो, तू फक्त बोल. वहिनींनाही शेजारी बसव.”

फोन बंद झाला. बाहेर वाऱ्यानं छत्रीचं कापड फडफडलं. अ‍ॅरिझोनाच्या या भागात दुपारी दुसरा आवाज नसतो.

“तू त्याला काही बोलली नाहीस,” प्रल्हाद म्हणाला.

“मी काय बोलायचं होतं?”

तिनं विचारलं ते खरोखरच विचारलं. वर पाहिलं, थोडं थांबली. मग पुन्हा मेथीकडे वळली.

*

शैलजानं एकोणीस वर्षं स्कूल बस चालवली.

पहाटे साडेपाचला ती अंगणातला बर्फ तुडवत निघायची. चाळीस फुटी पिवळी बस, बहात्तर पोरं, आणि तिची उंची पाच फूट एक इंच. तिनं सीटवर एक गादी शिवून घेतली होती. एकोणीस वर्षांत बसला ओरखडा पडला नाही. निवृत्त झाली तेव्हा गावानं एक पितळी पाटी दिली.

ती पाटी कपाटात राहिली. दिवाणखान्यात लावू या असं शैलजा एकदा म्हणाली होती. प्रल्हाद म्हणाला, भिंतीला खिळा बसत नाही.

मंडळात कुणी विचारलं तर तो सांगायचा, “शैलजा स्कूल डिपार्टमेंटमध्ये असते. ट्रान्स्पोर्टेशनला.” यात शब्दानं खोटं काही नव्हतं. ऐकणाऱ्यांना ऑफिस दिसायचं, कॉम्प्युटर दिसायचा, वेळापत्रक आखणारी बाई दिसायची. दिसू दे, असं त्याला वाटायचं. मंडळात डॉक्टर बायका होत्या, बँकेत व्हाइस प्रेसिडेंट असलेल्या होत्या. पहिल्यांदा त्यानं असं सांगितलं तेव्हा शैलजा शेजारीच ताटात कोशिंबीर वाढून घेत होती. तिनं डाव जरासा थांबवला, मग वाढून घेतलं.

निवृत्तीनंतर त्यानं मोटरहोम घेतलं, मागे ओढायला जीप घेतली. दोन्ही तोच चालवायचा. “तू खूप चालवलंस, आता आराम कर,” असं तो म्हणायचा. ऐकायला प्रेमळ वाटायचं.

*

पाडव्याच्या दिवशी काय झालं ते असं.

वाळूच्या टेकड्यांवर फिरताना जीपला उंच काठी आणि वर झेंडा लावावा लागतो, पलीकडून येणाऱ्याला दिसावं म्हणून. सकाळी प्रल्हादनं तीच काठी काढली. शैलजानं तिला खणाचं कापड नेसवलं, साखरेची गाठी नव्हती म्हणून खारकांची माळ केली, वर तांब्या उपडा घातला. कडुनिंब नव्हता, तिथल्याच एका काटेरी झुडपाची डहाळी बांधली. कॅम्पाशेजारी गुढी उभारली असती तर चाललं असतं. पण प्रल्हादला फोटोत फक्त वाळू आणि आकाश हवं होतं. मैलभर आत, एका टेकडीवर त्यानं ती रोवली. ग्रुपवर सत्तर अंगठे आले.

दुपारी पुरणपोळी खाऊन तो झोपला. उठला तेव्हा उन्हं कलली होती.

“अहो, गुढी,” शैलजा म्हणाली.

“अरे हो. आलोच घेऊन.”

“हवा कमी करा आधी. सकाळी केली होतीत ती परत भरलीत ना रस्त्यावर जाताना?”

“पाच मिनिटांचं काम आहे गं.”

वाळूत शंभर पावलं गेल्यावर जीप थबकली. त्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. सगळे नवखे हेच करतात. असं करू नये, हे सगळ्यांना माहीतही असतं. चाकं जागच्या जागी खड्डा खणत गेली आणि जीप पोटावर बसली.

त्यानं फोन केला. शैलजा फावडं आणि पाणी घेऊन चालत आली. एकदा चाकांकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे, आणि जीपपाशी न थांबता पुढे टेकडीवर गेली. गुढी उतरवली. काठी खांद्यावर टाकून परत आली, तांब्या पदराखाली धरावा तसा जॅकेटमध्ये धरून.

“तुम्ही खणा नि मागून ढकला,” ती म्हणाली. “मी चाकं सरळ धरते.”

म्हणून डेल आला तेव्हा ती स्टिअरिंगवर बसलेली होती.

डेल शेजारच्या कॅम्पातला. दाढी छातीपर्यंत, टोपीवर कॅमेरा. रुतलेल्या गाड्या फुकट काढतो, त्याचे व्हिडिओ करतो. तो उतरला, चाकांभोवती फिरला, शीळ घातली. मग हसत म्हणाला, “टायर फुल्ल आहेत की. हू वॉज ड्रायव्हिंग?”

त्याला उत्तर नकोही असेल. असं सहज विचारतात लोक. प्रल्हाद छत्तीस वर्षं पुलांची गणितं तपासत होता. उत्तर देण्याआधी दोनदा विचार करायची त्याला सवय होती. इथे त्यानं अर्धा सेकंदही घेतला नाही.

“माय वाइफ,” तो म्हणाला. आणि हसून पुढे, “यू नो हाऊ इट इज.”

शैलजाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. व्हिडिओत ते दिसतात. ती कॅमेऱ्याकडे बघते, मग डेलच्या पट्ट्याकडे. “त्याला सांगा,” ती मराठीत म्हणते, “हुक उलटा लागलाय.”

हुक खरंच उलटा लागला होता. तेवढा भाग डेलनं कापला.

*

रुचानं फ्रिस्कोहून फोन केला. मुलगी कधी कामाच्या वेळेत फोन करत नाही.

“बाबा, आय सॉ द थिंग. आईनं टायर डिफ्लेट नाही केले? आईनं?”

“अगं, घाई होती.”

“शी ब्रॉट अ बस डाउन दॅट हिल ऑन ब्लॅक आइस. गोठलेला रस्ता होता, बाबा, आणि ती गाणं म्हणत होती, म्हणजे आम्ही घाबरू नये. आय वॉज ऑन दॅट बस.”

“माहितेय मला.”

“देन से समथिंग,” रुचा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्यानं ठरवलं, शनिवारी सांगायचं. न्हाणीचं दार लावून त्यानं सराव केला. गाडी मी चालवत होतो. चारच शब्द. हसत म्हणून पाहिलं, गंभीरपणे म्हणून पाहिलं. न्हाणीच्या पातळ दाराबाहेर शैलजा कुकरची शिट्टी काढत होती. तिला ऐकू गेलं असणारच.

*

शनिवारी लॅपटॉपवर चाळीस चौकटी होत्या. शैलजा शेजारी बसली, निळी साडी नेसून. हेमचंद्रनं क्लिप लावली. चाळीस तोंडं एकदम हसली, आवाज मात्र तीन-चारांचाच आला.

“वहिनी, खरं सांगा,” हेमचंद्र म्हणाला, “लायसन्स कुठून मिळवलंत?”

“वूस्टरहून,” शैलजा म्हणाली. “कमर्शियल. मी एकोणीस वर्षं शाळेची बस चालवत होते, भावोजी.”

चौकटींत कुणी चहा घेत होतं, ते थांबलं.

“बस? म्हणजे, प्रल्हाद तर म्हणायचा...” हेमचंद्रनं घसा खाकरला. “अहो, ग्रेटच की! पण मग जीप कशी काय रुतली?”

शैलजानं मान वळवली नाही. “ते ह्यांना विचारा,” ती म्हणाली.

 प्रल्हादला आपलाच चेहरा कोपऱ्यातल्या चौकटीत दिसत होता. ओठ उघडलेले. चार शब्द तिथेच होते, दातांच्या मागे. शेजारी तिचा श्वास ऐकू येत होता, संथ, कुणी रस्ता ओलांडेपर्यंत थांबून राहिल्यासारखा.

“वाळू,” प्रल्हाद म्हणाला, “वाळू त्या दिवशी फार मऊ होती.”

कुणीतरी हसलं. हेमचंद्र म्हणाला, बरोबर, बरोबर, पुढचे फोटो दाखव. शैलजा उठली. तिनं खुर्ची आवाज न करता आत सरकवली.

*

सकाळी निघायचं होतं. प्रल्हादनं पाण्याचा पाइप गुंडाळला, पायऱ्या आत ढकलल्या, जीप मागे अडकवली. वर चढला तेव्हा शैलजा चालकाच्या जागेवर बसली होती. अंगावर जुनं जॅकेट, पाठीशी उशी. तिनं हात पुढे केला, तळवा वर.

त्यानं किल्ली ठेवली.

“चौतीस फूट आहे,” तो म्हणाला. “मागे जीप. वळताना जरा...”

ती आरसे लावत होती. आधी डावा, मग उजवा, मग खालचा छोटा. घाई केली नाही. प्रल्हाद शेजारच्या सीटवर बसला आणि त्यानं पट्टा लावला. तो नीट लागलाय का, ते तिनं वाकून पाहिलं.

१९९१ साली प्रल्हाद ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तीनदा नापास झाला; चौथ्या वेळेआधी सहा रविवार शैलजानं त्याला एका बंद दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये शिकवलं.